मोहाला पोरं का नाहीत?

(पावसाळ्याच्या तोंडावर जव्हार तालुक्यात झालेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण. बोलल्याप्रमाणे लिहून काढलं आहे. पाड्यावरच्या बैठकीत वाचून दाखवावं.)



सकाळपासून दाव्यांवर बोलणं चाललं आहे. कोणाचा दावा कुठे अडकला, कोणाची मोजणी झाली, कोणाचे कागद परत आले. त्यानंतर आम्हाला झाडावर बोलायला सांगितलं आहे. तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, जमिनीचा निकाल लागायचा आहे आणि ही पोरं झाडं लावा सांगायला उभी राहिली, म्हणजे शाळेतलं वृक्षारोपणच झालं. शाळेत आम्ही बारावीपर्यंत दरवर्षी झाड लावलं. खड्डा तोच असायचा, झाड दरवर्षी नवीन. तसलं काही आम्ही सांगणार नाही. आम्ही मोहाबद्दल बोलणार आहोत, आणि ते दाव्याबद्दलच आहे. थोडं ऐकून घ्या.

तुमच्या शिवारात मोहाची झाडं किती आहेत? बघा, लगेच बोटं मोजायला लागलात. कुठलं झाड कोणाच्या घराचं, कुठल्याचं फूल जास्त गोड, कुठलं एक वर्ष भरपूर देतं आणि एक वर्ष रुसतं, सगळं तोंडपाठ आहे. आता दुसरा प्रश्न. गुडघ्याएवढी मोहाची रोपं किती आहेत? कमरेएवढी? माणूस हात वर करून उभा राहील तेवढी?

बोला ना कोणीतरी.

होळीनंतर आम्ही आमच्या पाड्याचं आणि शेजारच्या दोन पाड्यांचं शिवार पायी फिरून बघितलं. बांध, माळ, नाल्याचा काठ, जंगलाची कड, काही सोडलं नाही. मोठी झाडं आहेत. काही तर अशी, की दोघांनी हात धरून मिठी मारली तरी खोड कवेत येत नाही. पण रोप म्हणावं असं एकच सापडलं, एका करवंदीच्या जाळीत. बकरीच्या तोंडाला काटे लागत होते म्हणून तेवढं वाचलेलं. बाकी सगळे आजे. एखाद्या पाड्यात नुसते म्हातारे उरलेत आणि एकाही घरात झोळी टांगलेली नाही, तसं हे दिसतं.

झाडं उभी आहेत तोवर हे कळत नाही. दरवर्षी पाटी भरते, वाटतं सगळं ठीक आहे. पण वाऱ्याने एक पडतं, विजेने एक जातं, एखादं आतून पोखरतं. गेलेल्याच्या जागी दुसरं येत नाही. ज्या जमिनीसाठी आपण मोर्चे काढले, रात्री तहसीलच्या अंगणात झोपलो, ती जमीन आपल्या नावावर होईल आणि आपल्या नातवंडांच्या वेळी तिच्यावर मोह नसेल, असं चाललं आहे.

असं का होतं ते आता समजून घेऊ. लोकांना दोष द्यायला आम्ही उभे नाही. सगळा पोटाचा हिशोब आहे.

मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. जे गळतं, जे आपण वेचतो, तो फुलाचा गोड, फुगीर भाग. फुलातून बाहेर डोकावणारी बारीक काडी असते ना, ती आणि तिच्या बुडाचा भाग फांदीवरच राहतो. त्याचीच पुढे मोहटी होते. म्हणून पडलेली फुलं कितीही वेचा, झाडाचं फळ कमी होत नाही. आदिवासी मोह वेचून वेचून जंगल संपवतात असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगायचं, आणि एकदा पहाटे झाडाखाली घेऊन जायचं.

अडतं ते पुढे. फूल पटकन दिसावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. काळ्या झालेल्या भुईवर पिवळट फूल लगेच डोळ्यात भरतं, आणि मजुरीला जायच्या आधी वेचून संपवायचं असतं. त्या जाळात मागच्या पावसाळ्यात उगवलेलं रोप जातं. जूनमध्ये मोहट्या पिकतात, त्या तेलासाठी वेचून घाणीवर जातात. दुकानातल्या तेलाचा आजचा भाव बघितला तर कोण सोडेल? त्यातूनही एखादी बी राहिली आणि रुजली, तर भात कापून झाल्यावर गुरं-बकऱ्या मोकळी सुटतात. आग, घाणी आणि बकरी यांच्यातून वाचून मोहाचं झाड व्हायचं म्हणजे त्याने फार मोठी लढाई जिंकायला पाहिजे.

मग हे आज्यापणज्याच्या वेळचे मोह आले कुठून? काही त्यांनी लावले असतील, राखले तर नक्कीच. राब करताना ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या तोडल्या, मोहाला कोयता लावला नाही. पण लावणारा खरा गडी दुसराच आहे. तो दिवसा उलटा टांगून घेतो आणि आपली पोरं त्याला बेचकीने मारतात.

हसू नका. वाघूळ म्हणतोय आम्ही. पुस्तकात वटवाघूळ लिहितात.

मोहाचं फूल रात्री उमलतं ते काही उगाच नाही. रात्री येणाऱ्याला वास लागावा म्हणून. वाघूळ फुलाचा गर खातं, त्याच्या तोंडाला, अंगाला फुलातली भुकटी लागते, तेच अंग घेऊन ते दुसऱ्या झाडावर जातं. त्याने फळ धरायला मदत होते. वाऱ्यानेही थोडं काम होतं. मग जूनमध्ये फळ पिकलं की तेच वाघूळ परत येतं. पण ते मोहावर बसून खात नाही. तिथे भांडणं फार, घुबडाचंही भ्या. ते फळ तोंडात धरून लांबच्या झाडावर नेतं, तिथे टांगून निवांत गर खातं आणि बी खाली टाकतं. मोहाची बी एवढी मोठी की ती त्याला गिळता येत नाही. म्हणून कधीकधी आंब्याखाली किंवा उंबराखाली मोहाचं रोप उगवलेलं दिसतं आणि आपण विचार करतो, हे इथे कोणी आणलं. पावसाच्या तोंडावर ताजी बी, गर काढून साफ केलेली, आईच्या सावलीपासून लांब नेऊन टाकलेली. रोपवाटिकेतला माणूस याहून वेगळं काय करतो? आणि त्याला पगार आहे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याला २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत एक पाचवी अनुसूची होती. उपद्रवी प्राण्यांची यादी. त्यात कावळा, उंदीर आणि फळं खाणारं वाघूळ एका रांगेत बसवले होते. म्हणजे वाघूळ मारलं तर कोणी विचारत नव्हतं. दम्यावर त्याचं मटण चांगलं असं आपल्याकडेही सांगतात. दम्यासाठी सरकारी दवाखान्यात औषध मिळतं, ते घ्या. ज्या पाड्यावर वाघळांचा वड किंवा चिंच आहे त्यांनी तो सांभाळायचा, तिथे फटाके नाहीत, बेचकी नाही. हा ठराव ग्रामसभेत घेता येतो. वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखायचा अधिकारच दिला आहे. आपण कलम ३ पाठ केलं, कलम ५ कडे बघितलं नाही. जंगल कोण राखतो हा वाद आहे ना? तर हे कलम त्या वादाचं उत्तर आहे.

नुसतं वाघूळच कशाला. मार्च-एप्रिल म्हणजे रानात खायला काही नाही, पाणी आटलेलं, गवत वाळलेलं. त्या दिवसात मोह गळतो. भेकर येतं, रानडुक्कर येतं, वानर येतं, कोल्हा येतो. रात्री कांडेचोर फांदीवर असतो. दिवसा पोपट, साळुंक्या, खारी. सातपुड्यातले आणि गडचिरोलीचे साथी सांगतात की त्यांच्याकडे मोहाखाली पहाटे अस्वल असतं, म्हणून बाया एकट्या जात नाहीत. आपल्याकडे तेवढं भ्या नाही. आणि जुन्या मोहाला ढोल्या पडतात, त्यात पोपट अंडी घालतो, पिंगळा राहतो. एका झाडावर केवढा पाडा बसला आहे बघा. त्यांच्यात सातबारा कोणाच्या नावावर हे अजून तरी विचारलेलं नाही.

आता सागाकडे बघा. १९७४ साली महाराष्ट्रात वनविकास महामंडळ निघालं. मिश्र जंगल तोडून त्या जागी साग लावायचा, हे त्याचं मोठं काम. साग आपलंच झाड आहे, त्याच्याशी वैर नाही. घराला सागाचं लाकूड कोणाला नको? पण डोंगरभर नुसता साग असला तर तिथे एप्रिलमध्ये काय मिळतं? माणसाला नाही, भेकराला नाही, वाघळाला नाही. सागाच्या रांगा असतात, शाळेतल्या कवायतीसारख्या, आणि आत शांत असतं. मग जनावर आपल्या वरईत आणि नागलीत येतं, आपण रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवतो. रानात त्याच्या खायचं काही ठेवलं असतं तर ते रोज खाली उतरलं नसतं. थोडं तरी आलंच असतं, ते मान्य. डुकराला नागली आवडते.

आता मुद्द्यावर येतो. दाव्याच्या.

गेल्या दोन वर्षांत एक गोष्ट कानावर आली. मोजणीला आलेल्या एका माणसाने एका प्लॉटमध्ये झाडाखालची जागा सोडून माप धरलं. म्हणाला, इथे झाड आहे म्हणजे इथे तुम्ही कसत नाही. ही बातमी पाड्यापाड्यात गेली. त्यानंतर काही ठिकाणी लोकांनी प्लॉटमधल्या झाडांची खोडाभोवती साल काढायला सुरुवात केली. झाड हळूहळू वाळतं, मग पाडायला सोपं. मोहसुद्धा त्यात गेले. आमचं म्हणणं आहे की हे ताबडतोब थांबलं पाहिजे. तीन कारणं आहेत, आणि तिन्ही कायद्याची आहेत.

एक तर कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही की ज्या शेतात झाड आहे ते शेत नाही. बांधावर मोह आणि खाली नागली, हीच आपल्या शेतीची रीत आहे. मोजणारा झाडाखालची जागा सोडत असेल तर पंचनाम्यावर अंगठा देऊ नका, सही करू नका. आधी हरकत लिहून द्या, तिची पोच घ्या, वनहक्क समितीला बोलवा. तपासणी आणि मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत आपल्याला जमिनीवरून काढता येत नाही, हे कलम ४ मध्ये आहे. घाई त्यांना असेल, आपल्याला नाही.

दुसरं, साल काढलेलं झाड हा गुन्ह्याचा पुरावा आहे, तोही तुमच्याविरुद्ध. मोहाचं नाव १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. खाजगी जमिनीवरचा मोह तोडायलासुद्धा परवानगी लागते, मग वनजमिनीवरचा काय सांगावा. दावा पडून राहील आणि केस मात्र लगेच उभी राहील.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. झाड आपला साक्षीदार आहे. दंडाच्या पावत्या कितीजणांकडे आहेत? हात वर करा. बघा, थोडेच आहेत. काही पावत्या कुडाच्या भिंतीत होत्या त्या पावसाने गेल्या, काही उंदराने खाल्ल्या, काही सावकाराकडेच राहिल्या. मोह उभा आहे. सामूहिक दाव्याला पुरावा काय चालतो ते नियम १३ मध्ये दिलं आहे. रानातली फळं, कंद, चारा गोळा करायच्या जागा, देवाची झाडं, देवराया, मसणवट्या. कागदच पाहिजे असं त्यात नाही. आपल्या प्रत्येक मोहाला नाव आहे, घर आहे. ते नकाशावर घ्या. कुठल्या घराची माणसं किती पिढ्या त्याखाली वेचतात ते म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून लिहून घ्या, त्याचा अंगठा घ्या. म्हाताऱ्या माणसांचा जबाब हाही त्याच नियमात धरलेला पुरावा आहे. आम्ही बारावी झालेल्या पोरांनी नोकरीच्या अर्जांचे कागद भरपूर भरले. आता हे भरू.

मोहावरून आपल्याशी भांडण काही आजचं नाही. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारीचा कायदा आणला, आणि १८९२ साली खास मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी. फूल गोळा करण्यावर, घरात ठेवण्यावर बंधनं आली. ज्या फुलाने आपल्या बाया भुकेच्या दिवसात घर चालवायच्या, भाजून, उकडून, पेजेबरोबर खायच्या, ते फूल घरात सापडलं तर गुन्हा. सरकारला दारूच्या ठेक्याचा महसूल पाहिजे होता. आज कलम ३ मध्ये गौण वनउपजाची मालकी आपली म्हटली आहे. मालकी कागदावर मिळाली आणि तोवर झाडच उरलं नाही, तर मालकी कशाची सांगणार?

म्हणून लावायचा. आता कसा लावायचा ते सांगतो. हे आम्ही घरच्या म्हाताऱ्यांकडून आणि थोडं स्वतः करून शिकलो आहोत.

मोहाची बी आंब्याच्या कोयीसारखी, फणसाच्या आठळीसारखी आहे. सुकली की मेली. तेलासाठी उन्हात वाळवलेली मोहटी पेरली तर उगवणार नाही. उन्हात घातली नाही, सावलीत ठेवली, तरी काही आठवड्यांत तिची ताकद जाते. सागाची बी वर्षभर पोत्यात राहते, मोहाची राहत नाही. म्हणूनच रोपवाटिकांना साग सोपा आणि मोह नकोसा वाटतो, असं आम्हाला वाटतं. तर पिकून पडलेली, हाताला मऊ लागणारी फळं घ्यायची. तीही चांगल्या झाडाची, ज्याचं फूल जाड आणि गोड. दोन-तीन वेगवेगळ्या झाडांची घ्या, एकाच आईची सगळी नको. गर काढायचा, बी धुवायची, त्याच आठवड्यात लावायची.

सगळ्यात चांगलं म्हणजे कायमच्या जागीच लावायची. मोहाचं मूळ सरळ खाली जातं. वर वीतभर रोप दिसतं तेव्हा खाली मूळ केवढं तरी लांब गेलेलं असतं. पिशवीत लावलं तर ते पिशवी फोडून जमिनीत घुसतं, आणि उचलताना तुटलं की रोप बसतं. पिशवीच करायची असेल तर लांब घ्या, दर पंधरा दिवसांनी जागेवरून हलवा आणि पुढच्या पावसाळ्यात लावून टाका. जागेवर लावताना हातभर खोल खड्डा, खालची माती वर, थोडं शेणखत. दोन बिया, आडव्या, बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त खोल नाहीत. वर लगेच काटे टाकायचे, कारण बीमध्ये तेल आहे आणि उंदीर-घुशीला वास लागतो. दोन्ही उगवल्या तर पुढच्या वर्षी जोरदार असेल ते ठेवायचं.

मग कुंपण. पहिली चार-पाच वर्षं बकरीपासून आणि आगीपासून वाचवलं की झालं. बोरीच्या, करवंदीच्या काट्याचं कुंपण करा. करवंदीच्या जिवंत जाळीच्या मधेच बी टाकली तर आणखी चांगलं, ते आम्ही त्या एका रोपाकडून शिकलो. माघात रोपाभोवती हातभर रुंद गोल साफ करून ठेवा, म्हणजे माळावरची आग तिथे थांबेल. उन्हाळ्यात पानं गळाली तर मेलं म्हणून उपटू नका. नखाने साल खरवडा, आत हिरवं असलं तर जिवंत आहे.

आणि मोठ्या झाडांवरची बांडगुळं काढा. मोहावर बांडगूळ फार चढतं. लहान पक्षी त्याची फळं खातात, चिकट बी फांदीला पुसतात. नुसतं खुडून उपयोग नाही, ज्या फांदीत ते रुतलं आहे तिचा तुकडा घेऊन कापावं लागतं. चढायला येतं त्यांनीच हे काम करायचं.

जाळण्याबद्दल बायांशी आमचं बोलणं झालं. त्यांनी सरळ विचारलं, पाला झाडून काढायला वेळ तू देशील का? बरोबर आहे त्यांचं. पहाटे फुलं वेचायची, पाणी आणायचं, भाकरी करायची आणि उजाडताच मजुरीला. दोन पाड्यांवर बायांनी जुनी लुगडी शिवून झाडाखाली पसरून बघितली आहेत. फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, वेळही वाचतो. पण एवढी लुगडी आणायची कुठून हा प्रश्न राहतोच. तोवर एवढं करता येईल, की पाला जाळायचाच असेल तर आधी ढीग एका जागी ओढायचा, आणि ज्या झाडाखाली रोपं राखली आहेत तिथे काडी लावायचीच नाही. आणि पाला ओढायचं काम पोरांनी करायचं. पोरांनी, म्हणजे आम्ही.

दुसरं आम्ही असं सुचवतो, की प्रत्येक पाड्याने एक मोह वाघळांचा ठेवावा. त्याची फुलं वेचा, मोहट्या वेचू नका. एकाच झाडाच्या. ज्या घराचं ते झाड असेल त्या घराचं तेल बुडतं, म्हणून बाकीच्या घरांनी त्यांना थोडं थोडं तेल द्यायचं. एका घराने सोसायचं आणि पाड्याने शहाणपण मिरवायचं, असं नको.

काल रात्री चर्चेत एका काकांनी विचारलं, की लावलेल्या झाडावर हक्क कोणाचा. हा प्रश्न लावायच्या आधी सोडवायला पाहिजे, नाहीतर दहा-बारा वर्षांनी पहिलं फूल पडेल आणि त्याच दिवशी डोकी फुटतील. जुनी रीत अशी, की जमीन कोणाचीही असो, मोह ज्या घराचा त्या घराचा. बहिणीला सासरी जाताना एखाद्या मोहाचा हक्क दिल्याचंही आम्ही ऐकलं आहे. आमचं म्हणणं, स्वतःच्या प्लॉटच्या बांधावर लावलेला मोह त्या घराचा. प्लॉट मिळतो तो नवराबायको दोघांच्या नावाने, मग मोहही दोघांचा. माळावर, नाल्याकाठी, सामूहिक जागेवर लावलेला मोह पाड्याचा, आणि त्याखाली वेचायचा पहिला हक्क विधवा, एकट्या राहणाऱ्या बाया आणि ज्यांना प्लॉटच नाही अशा घरांचा. यावर वाद होईल, व्हायलाच पाहिजे. पण तो या महिन्यात ग्रामसभेत व्हावा, वहीत लिहिला जावा.

आणखी एक जण म्हणाला, सावलीत भात येत नाही. खरं आहे, कमी येतं. म्हणून भाताच्या खाचरात लावायचाच नाही. वरकसाच्या कडेला, बांधाच्या उत्तरेला, दगडाळ जागेत, जिथे नांगर चालत नाही तिथे लावा. दोन झाडांत पंचवीस-तीस फूट सोडा. मोहाला फार चांगली जमीन लागत नाही, फक्त पाणी साचणारी नको.

आता काम. पहिला मोठा पाऊस झाला की त्यानंतरच्या संघटनेच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने तीन गोष्टी आणायच्या. मोहाच्या झाडांची यादी, घराच्या नावासकट. वाघळांचा मोह कोणता ठरवला त्याचा ग्रामसभेचा ठराव. आणि पाटीभर ओल्या मोहट्या, ज्यांच्याकडे जास्त पडतात त्यांनी जास्त, कारण काही पाड्यांवर झाडंच उरलेली नाहीत, त्यांना द्यायच्या आहेत. पिशव्यांसाठी दुधाच्या, तेलाच्या जुन्या पिशव्या जमवून ठेवा, विकत आणू नका. आणि मोहट्या सुकवून आणू नका. सुकलेल्या आणल्या तर त्या घाणीवर नेऊ आणि तेल संघटनेच्या शिबिराच्या भाजीला वापरू.

जिंदाबाद.